मालक गैरहजर

३ जून १९८६, मंगळ.
सकाळपासून वारा. दातांखाली माती. आज सहा विहिरी मोजल्या. पाच बोअरच्या, आणि शेवटी अर्ल टकरची. सबंध काउंटीत माणूस उतरू शकेल अशी ही एकच विहीर उरलीय, अर्लच्या आजोबांनी हाताने खणलेली, चाळीस फूट. बाकी सगळी नळकांडी. स्टीलच्या टेपला निळा खडू फासून खाली सोडली, वर ओढली. खडू भिजला तिथवर पाणी. मे महिन्यापेक्षा पुन्हा खाली. तळाशी जेमतेम दोन-अडीच फूट, तेही गढूळ.

अर्ल बहात्तरचा, बायको वारलेली, मुलगी रूथ अमरिलोला. एकटा राहतो. माझी गाडी दिसली की स्वतः गेट उघडायला येतो. शेजारच्या डेल कॉबचे पंप आपली विहीर पिऊन टाकताहेत अशी त्याने आमच्या भूजल ऑफिसात तक्रार केलीय. ऑगस्टमध्ये सुनावणी. पुरावा म्हणजे माझे आकडे. म्हणाला, "पुढच्या बुधवारी ये मिल. डेलचे पंप सुरू व्हायच्या आत आणखी एक आकडा हवाय."
मिलिंदचं मिल केलंय त्याने. बरं आहे.

८ जून, रवि.
डेलकडे जेवण. नाही म्हणता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी बर्फात अडकलो तेव्हा ट्रॅक्टर घेऊन हाच आला होता. माझ्या बायकोला, शोभाला, गाडी शिकवली ती त्याच्या बायकोने, लिंडाने. या गावात आमच्या घरात येऊन बसणारी माणसं ही दोघंच.

जाताना गाडीत करुणाने बजावलं, "बाबा, प्लीज, डोन्ट टॉक अबाउट वॉटर टुडे." मी नाही बोललो. डेलच बोलला. मांस भाजता भाजता, हसत. "तुझी टेप खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे मिल. पण अर्लची विहीर म्हातारी झालीय, अर्लसारखीच." सगळे हसले. मीही हसलो. कुणी हसलं की हसायचं ही सवय कधी जाणार!

११ जून, बुध.
टकर. १०:४०. मा. गै.
गेट नुसतं लोटलेलं, साखळी लोंबत होती. तीनदा हॉर्न दिला, हाका मारल्या. शेडपाशी डेलचा पांढरा पिकअप. म्हटलं, चला, दोघं बोलताहेत, समेट होतोय. अर्लचा कुत्रा विहिरीच्या कट्ट्याशी बसून होता. एरवी धावत येतो. पवनचक्कीची करकर आणि वारा, दुसरं काही ऐकू येईना. पंधरा मिनिटं थांबून निघालो. फील्डबुकात नेहमीप्रमाणे: वेळ, मालक गैरहजर, शेडपाशी पांढरा पिकअप.

खरं तर खिशात ऑफिसचं पत्र असतं: कोणत्याही विहिरीपर्यंत जायचा हक्क. बाकीचे तिघे गेट ढकलून सरळ जातात. मी मालक दिसल्याशिवाय विहिरीवर जात नाही. सहा वर्षं झाली, ऑफिसात पत्ता नाही कुणाला. पुन्हा चक्कर मारतो, झालं. शोभालाही सांगितलेलं नाही. काय सांगणार, की पीएच.डी. झाली, ॲन आर्बरला कडाक्याच्या थंडीत पाच वर्षं काढली, आणि पाय अजून गावातच आहेत?

शुक्रवारी पुन्हा जाईन.

१३ जून, शुक्र.
गेलो नाही. दिवसभर ऑफिसात रिपोर्ट. पोस्टाच्या बाई म्हणाल्या, अर्लने बुधवारपासून टपाल उचललेलं नाही. गेला असेल मुलीकडे. पण कुत्र्याला सोडून?

१४ जून, शनि.
शेरीफचा फोन सकाळी आठला. "तुझी ती टेप घेऊन टकरकडे ये. माणूस उतरवण्याआधी पाणी किती ते कळायला हवं."
गेलो. गेट सताड उघडं, चार गाड्या. कट्ट्यावरच्या झाकणाच्या फळ्यांपैकी दोन मोडून आत पडलेल्या. मी खडू फासला, टेप सोडली. एका जागी ती पाण्याआधीच टेकली. मऊ. मी तशीच वर ओढली. दुसऱ्या बाजूने सोडली. दोन फूट चार इंच. मी आकडा मोठ्याने सांगितला. शेरीफने लिहून घेतला.
नंतर मी शेडमागे जाऊन ओकलो.

१६ जून, सोम.
कॅफेत डॉक्टर सांगत होते, सगळं गाव ऐकत होतं. पाय मोडला होता, बरगड्या. डोक्याला फारसं काही नाही. चिखलाने वाचवलं. बुधवारी सकाळी पडला असावा आणि गुरुवारी संध्याकाळी केव्हातरी गेला असावा. नखं सगळी झिजलेली.
बुधवारी सकाळी.
डेल तिथेच होता, हॅट हातात. म्हणाला, "मे महिन्यानंतर माझं त्याच्याकडे जाणंच झालं नव्हतं. लाज वाटते. शेजारी असून." लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.
मी कॉफी अर्धी टाकून बाहेर आलो. पिकअप त्याचाच होता. मागच्या फळीला पिवळी टाकी टेकवलेली होती, तशी या काउंटीत दुसऱ्या कुणाकडे नाही.
आणि हॉर्न. मी तीनदा हॉर्न दिला होता. तो अर्लने खाली ऐकला असणार. गाडी आल्याचं ऐकलं असणार, गेल्याचंही.

१८ जून, बुध.
काम नाही झालं. गाडी रस्त्याच्या कडेला लावून बसून राहिलो.
बाबा विहिरी खणायचे. वर्धेच्या त्या सगळ्या पट्ट्यात त्यांच्यासारखा हात नव्हता कुणाचा. सुरुंग, पहार, टोपली. महिना-महिना विहिरीत. वर आले की ओळखू यायचे नाहीत. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा आणि त्या घटकेपासून बाबांनी कट्ट्याला हात लावायचा नाही. पाणी लागेपर्यंत विहीर आमची. आई घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणी येऊन ओतेल म्हणून. कधी तासभर. मी आठ वर्षांचा असताना एकदा कुणी नाही बघून गेलो कट्ट्यावर. कुणी नाही तर कुणाला विचारणार? नंतर जे झालं ते मला झालं नाही, बाबांना झालं. चावडीसमोर. मी बघत होतो.
तेव्हापासून. मालक दिसल्याशिवाय नाही.
हे कारण आहे, निमित्त नाही. की निमित्तच?

१९ जून, गुरु.
अर्लला पुरलं. रूथ माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, शाळेत शिकवते, उंच, बापासारखे मोठे हात. माझ्याकडे आली.
"बाबा फोनवर म्हणाले होते, मिल बुधवारी मोजायला येणार आहे. तुम्ही आला होतात का?"
मी म्हणालो, नाही. त्या दिवशी नाही जमलं.
इतक्या सहज. जीभ अडखळलीसुद्धा नाही.
ती म्हणाली, "असू दे." माझंच सांत्वन करत होती.

२७ जून, शुक्र.
खताच्या दुकानाबाहेर डेलने गाठलं. हवापाण्याचं बोलला. मग आवाज न बदलता:
"मी तुला पाहिलं मिल. गेटपाशी. शेडमधून."
मी गाडीची डिकी उघडली.
"मी गेलो तेव्हा तो आतच होता. मला वाटलं संपलाय. हलत नव्हता. मी घाबरलो. सुनावणी तोंडावर, आमचं वैर सगळ्यांना माहीत. कोण विश्वास ठेवणार?" मग म्हणाला, "तू सरकारी माणूस. तुला आत यायचा हक्क. दोनशे पावलं. तू आला असतास तर मी काही तुला अडवणार नव्हतो. उलट... तू का नाही आलास?"
खरंच विचारत होता. धमकी असती तर बरं झालं असतं.
"मी पिकअपचं सांगायचं ठरवलं तर?" मी म्हणालो.
"सांग ना. मग ते तुला तेच विचारतील, जे मी विचारलं."
गाडीत खताची पोती चढवायला त्याने मला हात दिला. आमच्या परसातल्या टोमॅटोसाठी दोन पोती. मी थँक यू म्हणालो.

त्याने ढकललं की नाही, मला माहीत नाही. आतच होता म्हणतो. हलत नव्हता म्हणतो. मग नखं कशाने झिजली? हाक मारत असणार तो. डेलने वर उभं राहून ऐकलं असणार. मग फळ्या कुणी मोडल्या? अर्लने त्या मागच्याच महिन्यात नव्या ठोकल्या होत्या, मी पलीकडून धरल्या होत्या. पडताना मोडतील अशा नव्हत्या.

२९ जून, रवि.
लिंडा केक घेऊन आली. शोभाने चहा केला. दोघी तासभर बोलत होत्या, हसत होत्या. मी परसात वाळलेल्या झाडांना पाणी घालत राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोर कोण ते ठरत नाही.

४ जुलै, शुक्र.
दुष्काळामुळे फटाक्यांना बंदी. करुणा मैत्रिणीकडे. दुपारी शोभाला सगळं सांगितलं. गेटचं, पिकअपचं, रूथशी खोटं बोललो त्याचं. सवयीचंही.

तिला मी घाबरतो हे खरंय. नागपूरची, वस्तीत वाढलेली, तिच्या वडिलांनी मोर्चे काढलेले. वाटलं होतं, निदान ती समजून घेईल. ती बराच वेळ टेबल पुसत राहिली. मग म्हणाली,
"कुणाला विचारत होते तुम्ही? कुणाला? आपली माणसं तळ्यावर गेली ती कुणाला विचारून गेली? डोकी फोडून घेतली, पण ओंजळ भरली. आणि तुम्ही? खिशात सरकारचा कागद, हातात टेप, अन् उभे! गेटबाहेर! हॉर्न वाजवत!"
मी म्हणालो, "शोभा, बाबांना चावडीसमोर..."
"बाबांनी मार खाल्ला तो तुम्ही जावं म्हणूनच ना?"
ती बरोबर आहे. ज्यांनी मला अडवलं ती माणसं केव्हाच मेली असतील, नाहीतर म्हातारी होऊन ओसरीवर खोकत असतील. त्यांना आता माझी आठवणही नाही. आणि मी त्यांचा हुकूम दहा हजार मैलांवर पाळतोय. बिनपगारी.
मग ती रडली. म्हणाली, "जाऊ या इथून. एडिसनला ताई आहे. तिथे आपली माणसं आहेत. तिथे विहिरी नाहीत."
जाऊ म्हणालो. पण आधी सांगायला हवं, हेही तीच म्हणाली.

१६ जुलै, बुध.
शेरीफकडे गेलो. अर्ध्या वाटेवरून परत.

२३ जुलै, बुध.
पुन्हा. या वेळी दारापर्यंत. आत डेल बसला होता, शेरीफशी पत्ते खेळत. परत.
करुणाने विचारलं, "आर यू सिक, बाबा?" हो म्हणालो.

१२ ऑगस्ट, मंगळ.
आज सुनावणी व्हायची होती. तक्रारदार मयत, प्रकरण बंद. साहेबांनी फाइल माझ्याच टेबलावर ठेवली, कपाटात लावायला. माझे चार वर्षांचे आकडे. अर्लच्या विहिरीवरून आता मोजणी बंद करा असंही पत्र आलंय. डेलचे सहाही पंप चालू आहेत. रस्त्यावरून जाताना मक्याचा ओला वास येतो. चांगला वास आहे. त्याचाच राग येतो.

१४ ऑगस्ट, गुरु.
शेरीफला टाळून सरळ जिल्ह्याच्या गावी सरकारी वकिलाकडे गेलो. साठ मैल. फील्डबुक नेलं होतं. तो तिशीचा, नवा, डेलच्या गावचा नाही. पान बघून उठून उभा राहिला. "कॉब मे महिन्यानंतर तिकडे गेला नव्हता म्हणतो!" दार लावून घेतलं, कॉफी मागवली. फळ्यांचंही सांगितलं. त्या शेरीफच्या कोठारातून आणवून बघतो म्हणाला.
मग तेच. "तुम्ही आत का गेला नाहीत?"
मी सांगितलं. पहिल्यांदाच, इंग्रजीत, परक्या माणसाला. गाव, बाबा, आई, घागर. किती बोललो कुणास ठाऊक. इंग्रजीत ते सगळं असं लांबचं, गोष्टीतलं वाटतं. बोलता बोलता मलाच खोटं वाटायला लागलं. तो भला माणूस. शेवटी फक्त म्हणाला, "पण इथे तर तुम्हाला कुणी अडवलं नसतं ना?"
नाही. इथे कुणी अडवलं नसतं.

५ सप्टें., शुक्र.
फळ्या नव्या होत्या हे सिद्ध झालं. वरून घाव घालून मोडल्यात असं तपासणाऱ्याचं म्हणणं. डेलला बोलावून घेतलंय. गावात बातमी पसरली. कॅफेत गेलो तर सगळे एकदम गप्प. लिंडाने रस्त्यात शोभाला बघून गाडी वळवली. शोभा म्हणते, बरं झालं. पण दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

शाळेत करुणाला कुणीतरी काहीतरी बोललंय. काय ते सांगत नाही. "नथिंग," एवढंच.

१८ सप्टें., गुरु.
वकिलाने बोलावलं. माझा जबाब टाइप करून तयार होता, दीड पान. ज्यूरीसमोर आधी हाच, मग प्रश्न. वाचला. वेळ बरोबर, पिकअप बरोबर, टाकीचा रंग, कुत्रा, हॉर्न, सगळं. आणि मध्ये एक ओळ: गेटला कुलूप असल्याने साक्षीदार आत जाऊ शकला नाही.
मी म्हणालो, कुलूप लावलेलं नव्हतं. साखळी लोंबत होती. मी सांगितलं होतं तुम्हाला.
तो म्हणाला, "तुमच्या वहीत कुलूप होतं असं नाही, नव्हतं असंही नाही. कॉबची वाट पलीकडून आहे, तो या गेटातून येत नाही. साखळीला कुलूप तर होतंच, उघडं की बंद एवढाच प्रश्न."
"पण उघडं होतं."
त्याने चष्मा काढला. "डॉक्टर, ज्यूरीत बारा शेतकरी असतील. बाराही जण शेजाऱ्याच्या आवारात हाक न मारता शिरणारे. त्यांना तुम्ही तुमच्या गावच्या विहिरीचं सांगणार? कॉबचा वकील पाच मिनिटांत तुम्हाला वेडं ठरवेल, नाहीतर साथीदार. तुमची साक्ष गेली की पिकअप गेला, फळ्यांची नुसती लाकडं उरली. कुलूप मात्र सगळ्यांना कळतं." मग हळूच, "ते दुसरं खरं आहे, माझा विश्वास आहे. पण इथे कुणी ठेवणार नाही."
२९च्या सोमवारपर्यंत विचार करा म्हणाला, त्याच दिवशी साक्ष.

२१ सप्टें., रवि.
इकडे आड तिकडे विहीर. म्हण बनवणाऱ्याला माझा पत्ता ठाऊक होता की काय!

शोभाला विचारलं. ती म्हणाली, "सही करा." मग थोड्या वेळाने, "नका करू." मग, "मला नका विचारू आता."
ती आजकाल खिडकीशी उभी राहून बाहेर बघते. बाहेर काही नाही. सपाट.

बाबा असते तर? ते खोटं बोलले नसते, पण त्यांना कुणी विचारलंही नसतं. त्यांची साक्ष कोण घेणार होतं!
कुलूप म्हटलं तर अर्लला न्याय मिळेल, कदाचित. नाही म्हटलं तर डेल सुटेल, पंप चालूच ठेवील, आणि कॅफेत माझ्या समोरच्या टेबलाशी बसेल. हिशेब सोपा आहे. तरी हात उचलत नाही. कारण कुलूप लागलं की माझं ते उभं राहणं पुसलं जातं. मी निर्दोष ठरतो. आई घागर घेऊन उभी होती ती, चावडी, सगळंच पुसलं जातं. उरतं काय, तर एक कुलूप, लोखंडी, सगळ्यांना कळणारं.
आणि मनाच्या तळाशी मला तेच हवंय. हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

२९ सप्टें., सोम.
कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर लिहितोय. जबाबाचा कागद खिशात, बिनसहीचा. आत गेल्यावर करा म्हणालाय वकील, पेन तिथेच देतील.
रूथ आली. शेजारी बसली. मला वाटलं, आता विचारील, मला नाही का म्हणालात? मी आलो नव्हतो म्हणालात ना? त्याची तयारी करून आलो होतो.
ती म्हणाली, "वकिलांनी सांगितलं मला सगळं. तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत ते कळलं मला. भीती वाटली असणार. दोन महिने मनात ठेवलंत." मग माझा हात त्या मोठ्या हातांत घेतला. "कुलूप होतं मिल. कुलूप असल्यावर तुम्ही तरी काय करणार होतात? मी रोज देवाला सांगते, निदान कुणीतरी आलं होतं. बाबांना कळलं असेल, मिल आला होता."
मी हात काढून घ्यायला हवा होता.
काढला नाही. किती बरं वाटलं ते कसं लिहू? जूनपासून पहिल्यांदा श्वास खालपर्यंत गेला.

ती कॉफी आणायला गेलीय. माझ्यासाठीही आणते म्हणाली, साखर किती तेही विचारून गेली. आतलं दार दोनदा उघडलं, दुसऱ्या कुणाला बोलावलं. यानंतर माझाच नंबर. आत जायच्या आधी हिला सांगितलं तर ती हात पुन्हा धरणार नाही. नाही सांगितलं तर जन्मभर धरील.

येतेय ती. दोन्ही हातांत कप आहेत, सांडू नये म्हणून सावकाश चालतेय.